चांदणी लावलेला शब्द

श्रीरामपूर, १४ मार्च १९७२

डोकं उठलंय. परवा कॉलेजात निबंध वाचायचाय आणि रशियन वगैरे स्लाव्ह भाषांच्या मूळ भाषेतला 'सून' या अर्थाचा *स्नुखा अजून हातावेगळा होत नाही. आपल्या 'स्नुषा'च्याच नात्यातला. मुळात शेवट पुरुषी वळणाचा; बायकांच्या शब्दांत शोभावा म्हणून पुढे लोकांनी तो बदलून 'आ' केला. लिहिलेला कुठेच सापडत नाही, पण असणारच, म्हणून आधी ती चांदणी.

चांदणीपाशीच होते, तेवढ्यात सासूबाईंची हाक. "सुनंदा, लोकांच्या सुना काय शोधती? घरच्या सुनंनं आधी च्या टाकावा!" त्यांची बहीण आलेली. चहा नेला, तर ती विचारते, "हिचं म्हायेरचं नाव काय गं?"

"काहीतरी हुतं बाई."

मी यांच्याकडे पाहिलं. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने 'सुनंदा' लिहिलं ते यांनीच ना? पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "मलाही आठवत नाही आता."

मी सांगितलं नाही. का सांगायचं?

परत येऊन निबंधाच्या समासात एक चांदणी काढली आणि पुढे लिहिलं, *कुसुम.