तार आली तेव्हा

पर्वत पाटिया, सुरत
४ फेब्रुवारी १९९६

ती. स्व. रवीच्या बाबांना,
इंदूचा वाकून नमस्कार.

तुमची तार पोचली. ‘पत्र नाही, काळजी वाटते.’ अहो, हृदयाचं दुखणं असलेल्या बायकोला कुणी तार करतं का?

पण मला काही झालं नाही. सूनबाई रोज सकाळी मला फिरायला नेते. आधी मी कुरकुरायची, आजारी सासूला कसली चालवते म्हणून. आता तिचे उपकार वाटतात. डॉक्टर म्हणाले, माणूस घाबरला की ॲड्रेनलिन नावाचं रसायन रक्तातून हृदयाला ‘पळ’ असा निरोप देतं. रोज चालणाऱ्याचं हृदय त्या निरोपाने लगेच उधळत नाही.

खरंच आहे ते. टपाली दारात ‘तार छे!’ म्हणून ओरडला, तेव्हा छातीत जरा धडधडलं आणि लगेच शांत झालं. घाबरली ती सूनबाईच. मीच तिला पाणी दिलं.

तुमच्या भाकरीचं कोण बघतं? जिना चढताना तुम्हाला दम लागायचा, त्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहीत नाही.

मला इथे धाडलंत, फार बरं केलंत. आता उद्यापासून तुम्हीही चालायला लागा. तार वाचून कळलं, घाबरलेलं हृदय तिकडेच आहे.

तुमची,
इंदू