शोकपत्रातला एक शब्द

मुराउ, ३ फेब्रुवारी १९८७

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

दारावरची पितळी पाटी उतरवली. परीक्षा न देता नुसते नकाशे काढणाऱ्यानं ‘आर्किटेक्ट’ लावणं गुन्हा आहे, असं म्हणून सरकारी कचेरीतल्या बाईंनी दंड ठोकला. मी म्हटलं, मी कुठे म्हणवतो, तीस वर्षं गावच म्हणतंय! त्या म्हणाल्या, पाटीचे स्क्रू गावानं पिळले का? कप्पाळ! मी जिथे नकाशे काढतो, तिथल्या मालकांनीही बजावलंय, हा शब्द पुन्हा छापलेला दिसला तर कामावर येऊ नकोस. चोपन्नाव्या वर्षी मला दारात कोण उभं करणार?

पाटी आईनं दिलेली. वृद्धाश्रमात ती आर्किटेक्टची आई म्हणून खिडकीजवळची खुर्ची अडवून बसते. तिच्यापाशी बोलू नकोस. तुझ्या पोटात काही राहत नाही.

लोभ आहे, तो राहू दे.
तुझा,
बेर्टल

लिंत्स, १० फेब्रुवारी

चि. बेर्टल यास,
अनेक आशीर्वाद.

गधड्या, पाटी लावलीस तेव्हाच मी ओरडले होते. असो. आईचं आता काही खरं नाही, असं वृद्धाश्रमातून कळलं. माझा पाय प्लास्टरमध्ये. मला येता येणार नाही, जीव नुसता तुटतो.

वेळ आली तर घोळ नको, म्हणून शोकपत्राचा मजकूर छापखान्यातल्या अलोइसला आत्ताच पाठवून ठेवलाय. ते भिंतीवर लागल्याशिवाय आपल्याकडे कुणाला कळायचं! तुझं नाव नुसतं ‘मुलगा एंगेलबर्ट’ असं घातलंय. आई ते वाचणार नाही, तेवढंच बरं.

जेवत जा. पत्राची वाट पाहते.
तुझी,
ट्राउडल

मुराउ, १७ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न.

काल, सोमवारी सकाळी, आईला पोचवलं.

तू विसरलीस असं समजून अलोइसनं आपणहून माझ्या नावाआधी ‘आर्किटेक्ट’ घातलं. भला माणूस, शनिवारी सकाळी पत्रं चिकटवलीही त्यानंच. मी चर्चच्या भिंतीवर वाचलं आणि मालकांची धमकी आठवली. चर्च, बेकरी, बसथांबा, सगळीकडची अकरा पत्रं ओरबाडून काढली. नुसता शब्द खोडला असता, तर लोकांनी तोच आधी वाचला असता. छापखाना तोवर बंद, तो थेट सोमवारी उघडणार. घरोघर सांगत फिरलो असतो, तर पत्र का नाही लावलं, हे सगळ्यांनी विचारलं असतं. नाही धजलो गं.

चाळीस वर्षं आईनं गावातली एक अंत्ययात्रा चुकवली नाही. तिच्या वेळी पाद्री, एक नर्स, दोन खड्डेवाले आणि मी. नर्सनं विचारलं, बाकीचे कुठे? मी म्हटलं, थंडी फार आहे.

शेवटी म्हाताऱ्या खड्डेवाल्यानं टोपी काढली, हात हातात घेतला आणि म्हणाला, फार वाईट झालं, आर्किटेक्टसाहेब. मी मान डोलावली.

नोकरी वाचली, ताई.

रागाव, पण दोन ओळी टाक.
तुझा,
बेर्टल