आठ दिवस नुसतं ग्लुकोज

९ मार्च
जसबीर, वय चोवीस, बसचा कंडक्टर. इथे पंजाबातल्या दंगलीत रोपडच्या रस्त्यावर कुणी बस पेटवली, हा माणसं बाहेर काढत राहिला. धूर फुप्फुसात. तेव्हापासून आयसीयूत, श्वासाच्या मशीनवर. आणि आठ दिवस पोटात काय, तर सलाइनमधलं ग्लुकोज. दंड बघवत नाहीत. डायटीशियन म्हणून माझ्याकडे कागद आज आला, तोही मी विचारल्यावर.
आयसीयूचे मोठे डॉक्टर, आमचे सर, म्हणाले, आधी जगू दे, जेवणाचं नंतर बघू. उपाशी माणूस जगतो कशावर? हे तोंडावर म्हणायला हवं होतं. 

१० मार्च
नाकातल्या नळीतून फीड सुरू. दूध, अंडं, डाळीचं पाणी, थोडं तेल. बाहेर त्याची आई बसलेली, सगळे बीजी म्हणतात. गावाहून तुपाचा डबा आणलाय. मुलाला तूप द्या, तुपाने श्वास येतो, म्हणाल्या. मी हसले. सिस्टरही.

१३ मार्च
मशीन काढून बघितलं. वीस मिनिटांत धाप, घाम. परत लावलं. रक्तात कार्बन डायऑक्साइड चढलेला.
फीड चाखून बघितलं. नुसता पाक! किचनमध्ये विचारलं, तर कर्फ्यूत अंडी आली नाहीत म्हणून साखर घातली, ताकद येते. वर ग्लुकोज चालूच. एवढी साखर जाळायची म्हणजे कार्बन डायऑक्साइड जास्त होणार, आणि तो बाहेर टाकायला या फुप्फुसांत दम कुठाय? मला कोणी विचारलं नाही. तीन दिवस मीही चाखलं नाही, हे पण खरं. तो राग कोणावर काढू.

१४ मार्च
सरांना सांगितलं, साखर कमी करू, तेल आणि पनीर वाढवू, तेला-तुपातून कार्बन डायऑक्साइड कमी तयार होतो. जर्नलमधला लेख पुढे केला. बघितलाही नाही. "मॅडम, फेफडे हम देखेंगे. आप दूध नापिए." राउंडवर, सगळ्यांसमोर.
डॉ. म. (आमचा रजिस्ट्रार, लुधियानाचा, एरवी गप्प) नंतर खाली आला. तुम्ही लिहा, सही मी करतो, म्हणाला. ग्लुकोज निम्म्यावर. पनीर-तेल मिक्सरमधून, गाळून.
जाताना बीजींना सांगितलं, तूप नळीत अडकेल, पण तुमचं अगदीच चुकीचं नव्हतं. त्यांनी हात धरला.
"मैं तो अनपढ़ हूँ. तू तो पढ़ी-लिखी है, तुझे इतने दिन क्यूँ लगे?"
ह्यांना घरी सांगितलं. हॉस्पिटलचं हॉस्पिटलात ठेव, म्हणाले. मी जेवले नाही.

१७ मार्च
कार्बन डायऑक्साइड उतरला! मशीनशिवाय अर्धा तास, दुपारी पाऊण. बोटं हलवून आईला बोलावलं. डॉ. म. म्हणतो अजून चार दिवस असंच, मग मशीन सुटेल.

१८ मार्च
मशीन उद्याच हवंय. सेक्रेटरिएटमधल्या कुणा साहेबांच्या सासऱ्यांचं ऑपरेशन, नंतर लागलं तर जवळ असावं. लागलं तर! सर म्हणाले, कंडक्टर तो सुधर रहा है. म्हणजे ज्या फीडचा लेख सरांनी वाचायलाही घेतला नाही, त्याच्यामुळे पोरगा सुधारला, आणि सुधारला म्हणून मशीन जाणार.
म्हटलं, "सर, चार दिन. उसके बाद जिसे चाहे दीजिए."
ऊपर से ऑर्डर है, एवढंच उत्तर.
केसपेपरवर लिहून ठेवलं, रुग्ण अजून तयार नाही. नाव, वेळ घालून. खाली डॉ. म.ची सही. दोघांनाही जड जाणार.

१९ मार्च
दहाला मशीन काढलं. सासऱ्यांचं ऑपरेशन पुढे ढकललं म्हणे. मशीन कोपऱ्यात चादर टाकून ठेवलंय. चादर टाकून!
जसबीर स्वतःच्या दमावर. दोन वाजता श्वास मिनिटाला तीस, धडधाकट माणसाच्या जवळजवळ दुप्पट. चारला चौतीस, पण घाम नाही. बीजी काचेला कपाळ लावून उभ्या. डॉ. म. मशीनशेजारी स्टूल टाकून बसलाय. लागलं तर लावतो, ऑर्डरचं मग बघू, म्हणाला.
सहाचं फीड मी स्वतः दिलं. अर्धंच, पोट फुगायला नको. डोळे उघडे होते, माझ्या हाताकडे बघत होता.
सातला कर्फ्यू. स्टाफची गाडी खाली हॉर्न देतेय. श्वास पुन्हा मोजले, चौतीसच. गाडीला जा म्हणावं, रात्रभर इथेच राहावं का?