आम्बोक कांडायला तिघी लागतात

प्रिय कुन्थिया,

सगळ्यांत आधी आली ती तुझी आई, आणि तीही मला बोल लावत. एक चप्पल हातात, दुसरी गाळात रुतलेली, डोक्यावर संत्र्यांची पिशवी. कुंपणापासूनच ओरडली, "अहो म्हौमबाई, पुराचं पाणी ओसरून महिना झाला, दारात दोन फळ्या टाकता येत नाहीत होय? का पाहुणा येऊच नये अशी तजवीज केलीय?" मी घराखाली खांबाला टेकून भात पाखडत होते. चार वर्षांत सारेमबाईंचा आवाज कानी पडला नव्हता, मला वाटलं भास झाला. आणि मग त्यांच्यामागून तुझ्या दोघी पोरी एकमेकींचा हात धरून गाळातून उड्या मारत आल्या, तसं माझ्या हातातलं सूपच सुटलं. पाखडलेला सगळा भात कोंबड्यांनी टिपला. टिपू दे म्हटलं.

मालिस केवढी झाली गं! कपाळ अगदी बापाचं, माझ्या सोखोमचं, चालते मात्र तुझ्यासारखी, टाच आपटत. निमोलला मी आठवतच नाही. कशी आठवणार, दोन वर्षांची होती तेव्हा. तिनं तुझ्या आईचा झगा ओढून विचारलं, "ही कुठली आजी?" तर सारेमबाई म्हणतात, "ही दुसरी. माझ्याएवढी चांगली नाही, पण चालेल." मीही काय गप्प बसते? म्हटलं, "बाळ, ही तुला संत्री देते ना, ती आंबट असतात की नाही ते आधी सांग." पोरीनं खरं खरं सांगितलं, आंबट असतात म्हणून. मग काय, हसून हसून सारेमबाईंना ठसका लागला.

बरं झालं त्या आल्या ते, नाहीतर यंदा गावात माणूस दिसायला तयार नाही. होड्यांच्या शर्यतींना सगळे नॉम पेन्हला गेलेले. आमच्या देवळाची होडी यंदा नव्यानं रंगवलीय, तिच्यामागे दोन ट्रक भरून माणसं गेली. राहिले कोण, तर मी, देवळातले म्हातारे भिक्खू आणि पलीकडच्या केओचा लंगडा कुत्रा. उत्तरेचा गार वारा सुटला की घराच्या फळ्या वाजतात, आणि मला उगाच वाटतं, कोणीतरी जिना चढतंय. मूठभर तांदूळ शिजवते, तोही उरतो. उरलेला कुत्र्याला घालते, म्हणून तर तो माझ्या दारात असतो. केओ म्हणते मी तिचा कुत्रा फितवला.

तर भाताचं सांगत होते. यंदा मी पुनवेच्या आम्बोकसाठी, घरच्या ताज्या पोह्यांसाठी, भात भिजवला होता. लोंब्या जरा हिरवट असतानाच कापून आणल्या, दोन दिवस पाण्यात ठेवल्या. कशासाठी, ते विचारू नकोस. एकटीनं आम्बोक होत नाही हे काय मला ठाऊक नाही? एकीनं कढईत भाजायचं, एकीनं गरम असतानाच कांडायचं, आणि एकीनं उखळात काठी घालून ढवळत राहायचं. मुसळ खाली ठेवून काठी उचलेपर्यंत दाणा निवतो, चपटा व्हायचा सोडून त्याचा चुरा होतो. तीन वर्षं मी बाजारातलं आणलं. बाजारातलं आम्बोक म्हणजे नुसता कागद चावायचा. यंदा मात्र भिजवलाच.

सारेमबाईंनी भिजल्या भाताची टोपली पाहिली, माझ्याकडे पाहिलं. पदर खोचावा तसा गमछा कमरेला बांधला आणि कढईपुढे बसल्या. मुसळ मालिसनं घेतलं, काठी मी. पहिला घाव पोरीनं माझ्या काठीवरच घातला! सारेमबाई ओरडल्या, "अगं, भात कांड, आजीला नको!" मग मीच ताल धरून दिला, हं-आणि-हं, हं-आणि-हं, आणि पाचव्या घाण्याला पोरगी अशी लागली कांडायला, की मला दम लागला पण तिला नाही. निमोल गरम गरम दाणे पळवून खात होती. जीभ पोळली तरी कबूल करेना. हा हट्ट मात्र तुझा.

पुनवेचा चंद्र नारळीच्या वर आला तसं आम्ही अंगणात चटई घातली. केळी, नारळाचं पाणी, उदबत्त्या, सगळं मांडलं. मग घरातली थोरली म्हणून मी एकेकाला आम्बोक भरवायला बसले. निमोलनं वर चंद्राकडे तोंड केलं, डोळे मिटले, मी तिच्या तोंडात आम्बोक आणि केळं कोंबलं आणि विचारलं, "माग, काय हवंय?" तर गाल फुगवून म्हणते, "आणखी केळं." सारेमबाईंनाही भरवलं. मालिसची पाळी आली, तेव्हा तिनं डोळे मिटलेच नाहीत. माझ्याकडे बघून म्हणाली, "आजी, बाबा गेले त्या वर्षी तू सगळ्यांना भरवलंस, आईला नाही भरवलंस." बारा वर्षांची पोर. ओरडली नाही, रडली नाही, नुसतं सांगितलं. सारेमबाई नारळ सोलत राहिल्या. मी म्हटलं, "हो बाळ, नाही भरवलं." मग तिनं तोंड उघडलं.

दोन रात्री राहून त्या परवा गेल्या. चटया अजून गुंडाळल्या नाहीत मी.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. अक्षर वेडंवाकडं आहे, मालिसचीच जुनी वही आहे ही, फोन केला तर माझा आवाज ऐकून तू ठेवून देशील म्हणून लिहिते. केओची मुलगी तुमच्याच कारखान्यात परत चाललीय, ती आणून देईल. जाताना सारेमबाई मला म्हणाल्या, "कुन्थियाला कळू देऊ नका, कळलं तर ती पोरींना पुन्हा सुट्टीत माझ्याकडे पाठवायची नाही." पोरींनाही पढवलं, आईनं विचारलं तर मामाकडे गेलो होतो म्हणायचं. मालिसनं मान हलवली, पण तिचा चेहरा मला आवडला नाही. माझ्या घरी येण्यासाठी तुझ्या लेकींनी तुझ्याशी खोटं बोलू नये. सारेमबाईंवर रागावू नकोस, माझी कीव आली म्हणून आणलं त्यांनी. त्या रात्री तू माझ्यापुढे तोंड उघडून बसलीस आणि मी हात मागे घेतला. सोखोम गेला त्यात तुझा काडीचा दोष नव्हता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. कोणावर तरी राग काढायचा होता, आणि जवळ तू होतीस. दुसऱ्या दिवशी तू पोरींना घेऊन निघालीस, मी वर फळीआडून बघत होते, खाली आले नाही. आता तू नको म्हणालीस, तर त्या येणार नाहीत. मी तक्रार करणार नाही. हो म्हणालीस, तर नवीन वर्षाच्या तिसऱ्या दिवशी, सकाळच्या गाडीनं येतो म्हणाल्यात.

तुझीच, तू म्हणू दिलंस तर सासू,
म्हौम