डाव्या चाकाचा पाना

२९ ऑगस्ट २००६, मंगळवार

मिरची सापडली! चोपन्न वर्षांनी.

सकाळी अजहर भंगारवाल्याचा फोन — "बाई, तुमच्या बाबाची गाडी हाय इथं. लवकर या, नाईतं पोट्टे कटर लावतीन." चिकुनगुन्यानं गुडघे असे धरलेत की मोरीपर्यंत जायला भिंत लागते. तरी रिक्षा करून गेले.

बाबांची कसली गाडी! मिरची म्हणजे गजेंद्रबाबू देशमुखांची, अकोल्यातल्या कापसाच्या जिनिंगच्या मालकांची शर्यतीची गाडी. बाबा तिचे मिस्त्री. पण गावानं ती बाबांच्याच नावाला चिकटवली, आणि कौतुकानं नाही.

आठ वर्षं बंद पडलेलं जिनिंग आता पाडताहेत. अजहरनं भंगार घेतलंय. सरकीच्या गोदामामागच्या खोलीत, कुजलेल्या बारदानाखाली मिरची उभी. उभी कसली — डाव्या अंगावर कललेली. लांब नाक, वर टप नाही, दोन माणसं कशीबशी मावतील. लाल रंग कुठे कुठेच राहिलाय. कुशीवरचा ७ मात्र वाचता येतो. सीटमध्ये उंदरांची बाळंतपणं झालेली. पुढचं डावं चाक नाही.

"हात लावून पाहा ना," अजहर म्हणाला. मी नाही लावला.

३० ऑगस्ट

झोप नाही. लिहूनच टाकते एकदा.

५२ सालचा दसरा. चिखलदऱ्याच्या घाटात चार-पाच हौशी शेठ लोकांची शर्यत — परतवाड्याकडून वर. गजेंद्रबाबूंनी मिरची काढली. तिसऱ्या वळणावर पुढचं डावं चाक निघून गेलं. गजेंद्रबाबू जागीच गेले. वय अठ्ठावीस. चाकाच्या मधोमध एक मोठा नट असतो, तो नीट कसलेला नव्हता असं निघालं. आणि बाबांनी पोलिसांपुढे कबूल केलं — त्या नटाचा पाना आणायचा मी विसरलो.

झालं. नोकरी गेली, क्वार्टर गेलं. आम्ही हिवरखेडला मामाच्या आसऱ्याला. जिनिंगचं इंजिन कानानं ओळखणारा माणूस बावीस वर्षं लोकांच्या सायकली आणि स्टोव्ह दुरुस्त करत बसला आणि तसाच मेला. शाळेत मला ‘चाकवाल्याची पोरगी’ म्हणायचे.

बाबा आणि पाना विसरले! जेवायला बसताना खिशातली पक्कड आधी चाचपणारा माणूस! माझा कधीच विश्वास बसला नाही. आईचा बसला होता की काय, कोण जाणे. ती यावर बोलायचीच नाही.

३१ ऑगस्ट

एक आठवलं. एस.टी.च्या वर्कशॉपात स्टोअरला नोकरी लागली तेव्हा बाबा म्हणाले होते, "पाना मोजून देजो, मोजून घेजो. अन् हरवला त कोनाले बोलू नको." मला वाटलं, काय हा आशीर्वाद! एकतीस वर्षं तेच केलं. मेकॅनिकनं पितळी बिल्ला द्यायचा, पाना न्यायचा. पाना परत, बिल्ला परत. माझ्या खिडकीतून एक पाना हरवला नाही. हरवला असता तर बोलले असते मात्र. मी काही बाबांसारखी नाही.

५ सप्टेंबर

पुण्याचा कोणी साहेब मिरची नेणार. जुन्या गाड्या जमवतो म्हणे. दसऱ्याला ट्रक येतोय. अजहरनं एक कागद पुढे केला. "हिस्ट्री पाह्यजे म्हन्ते त्याले. तुमीच लिवा. तुमच्याबिगर कोन जित्तं हाय आता?"

कागदावर रकाने. मूळ मालक. मिस्त्री. शर्यती. अपघाताचं कारण.

हा कागद काचेत मढवून गाडीशेजारी लावणार. लोक तिकीट काढून वाचणार. म्हणजे अकोला विसरलं, हिवरखेड विसरलं, आता पुण्याला नव्यानं सांगा — मिस्त्री विसरला! मी नाही लिहिणार. खरं काय ते शोधून काढते आणि मगच लिहिते. महिना आहे हाताशी.

६ सप्टेंबर

बारा तास लाइट नाही. पेपरात पुन्हा तेच आकडे — आज किती शेतकऱ्यांनी जीव दिला, औंदा किती गेले. घडी घालून ठेवला.

९ सप्टेंबर

पुन्हा गोदामात. आज हात लावला. खाली बसता येत नाही म्हणून अजहरनं तेलाचा डबा दिला बसायला.

उरलेल्या तीन चाकांचे नट पाहिले. साधा पाना त्यांना बसत नाही. गाडीबरोबर आलेला विलायती पाना गजेंद्रबाबूंनी कुठेतरी घालवला होता. मग बाबांनी जिनिंगच्या मोडक्या शाफ्टपासून एक घडवला. हातभर लांब, टोकाशी किंचित वाकडा. जगात तसा एकच. तिन्ही नटांवर गंज आहे, पण कडा शाबूत — एकही मोडलेली नाही. बाबांचा हात! नटाला छिन्नी लावणाऱ्याला ते कसाई म्हणायचे. कुर्बानला, त्यांच्या हाताखालच्या पोराला, एकदा त्यापायी मनगटावर मारलं होतं.

पाना काही गोदामात मिळाला नाही. अजहरच्या माणसांनी सगळं उपसलं.

१४ सप्टेंबर, अमरावती

चतुराबाईंकडे गेले. गजेंद्रबाबूंची बायको. पंच्याहत्तरीच्या घरात असतील, वीस-एकविसाव्या वर्षीच विधवा झाल्या. दारातून परत पाठवतील असं वाटलं होतं. बसा म्हणाल्या नाहीत, पण जा पण नाही म्हणाल्या.

"रामराव मिस्त्रीची पोरगी ना तू? कावून आली?"

सांगितलं. मग म्हणाल्या, "ते गेले तवापासून या घरात दसऱ्याले सोनं नाई वाटलं कोनी. तुह्या बापाले मी लय शिव्या देल्ल्या. तो एक डाव आला व्हता, उंबऱ्याबाहीर उभा राह्यला. ‘माफी मांगतो’ एवढंच म्हने. कायची ते नाई सांगतलं."

उठून आत गेल्या आणि एक फोटो आणला. त्या वर्षीच्या नवमीच्या पूजेचा.

जिनिंगमध्ये नवमीला सगळी हत्यारं धुऊन सतरंजीवर मांडायची. हळद-कुंकू. दुसऱ्या दिवशी पूजा हलवेपर्यंत एकालाही हात लावायचा नाही, काम कितीही अडो. झेंडूचं फूल ठेवायचं काम माझं — एका हत्याराला एक. फोटोत बाबा नाहीत, गजेंद्रबाबू नाहीत. ते दुपारीच मिरची ट्रकवर चढवून परतवाड्याला निघाले होते. फोटोवाला संध्याकाळी यायचा. फोटोत मजूर आहेत, आणि कोपऱ्यात फ्रॉकातली मी.

आणि ओळीच्या शेवटी — हातभर लांब, टोकाशी वाकडा. वर झेंडूचं फूल.

पाना पूजेत होता!

चतुराबाईंना काही बोलले नाही. फोटो मागितला, त्यांनी दिला.

१५ सप्टेंबर

विसरले. बाबा खरंच विसरले. पूजेत मांडला आणि तसेच गेले.

बसमध्ये रडले. शेजारच्या बाईनं न विचारता एक केळं हातात ठेवलं.

१९ सप्टेंबर

चार दिवस कागदाकडे बघितलं नाही. गुडघे. ताप. लिहिण्यासारखं काय आहे?

२२ सप्टेंबर

चतुराबाईंचा फोन! मी नंबर ठेवला होता, वाटलं नव्हतं करतील. "तो कुर्बान हाय अजून. परतवाड्यात, लेकीपाशी. जाऊन ये. मले बी कळव काय म्हन्ते ते." आवाज जरा मऊ वाटला. की मलाच तसं ऐकायचं होतं.

२४ सप्टेंबर, परतवाडा

कुर्बानचाचा पंच्याहत्तरचे. डोळे वेल्डिंगनं गेलेले. माझा हात हातात घेऊन बोटं चाचपली. "उस्तादचे बोटं हायेत हे," म्हणाले. त्यांची लेक निखत चहा ठेवून तिथेच बसली.

मी म्हटलं, चाचा, बाबा पाना पूजेत विसरले ना?

ताडकन उठून बसले. "कोन म्हन्ते? खोटं हाय! पूजेले हत्यारं मांडली तवा उस्तादनं तो येकटा बाजूले काढला. म्हने, हा पूजेत नाई बसत, ह्याले उद्या काम हाय. माह्यापुढं पिशवीत टाकला, पिशवी ट्रकच्या फळीवर ठिवली. मंग आमी गाडीले दोर बांदून राहिलो व्हतो. रातभर परतवाड्यात. सकायी घाटात पिशवी उघडली — पाना गायब!"

"मग?"

"मंग काय! नट ढिला. उस्तादनं छिन्नी-हातोडी घेतली. ज्या मानसानं मले छिन्नीपायी मारलं, त्यानं सोता छिन्नी लावली, बेटा. बाबूले म्हने, आज नका पळवू. बाबू हासले. म्हने, आज सीमोल्लंघन हाय मिस्त्री, मांगं फिराचं नाई."

लोक म्हणायला लागले, कुर्बाननंच पाना विकला. तिसऱ्या दिवशी दोघं अकोल्याला परतले. पूजा तशीच मांडलेली — मालकच गेल्यावर हलवणार कोण? "उस्ताद येकटे आत गेले. हत्यारं गोया करतो म्हने. लय येळ लागला. बाहीर आले त सरळ चौकीत. म्हने, म्या विसरलो. मले वाचवलं त्याईनं. चोपन साल झाले, मी नमाजात त्याईचं नाव घेतो."

मग निखतकडून पेटी उघडवली. फडक्यात गुंडाळलेला नट. दुसऱ्या दिवशी वळणावर जाऊन झुडपातून शोधला होता. सगळ्या कडांवर छिन्नीचे घाव. ओबडधोबड, घाईचे. मी तो नट किती तरी वेळ धरून बसले होते.

बाबा विसरले नाहीत!

२५ सप्टेंबर

पण मग पिशवीतून काढला कोणी?

आणि काढून पूजेत ठेवायची काय अक्कल! पूजेतल्या हत्याराला कोणी हात लावणार नाही, कोणाला शोधावंसंही वाटणार नाही. लपवायला याहून पक्की जागा नाही. हे बाहेरच्याचं काम नव्हे. जिनिंगमधलाच कोणी. बाबांवर जळणारा. भगवंत मुकादम? त्याचं आणि बाबांचं पटत नव्हतं असं आई म्हणायची.

ज्यानं हे केलं त्याच्यामुळे एक माणूस अठ्ठाविसाव्या वर्षी मेला. दुसरा बावीस वर्षं रोज मेला. तिसऱ्याला गाव चोर म्हणालं. आणि बाबांनी सगळं स्वतःवर घेतलं! इतकं चांगलं असू नये माणसानं. राग येतो मला त्यांचा.

२७ सप्टेंबर

भगवंत मुकादमाच्या सुनेला भेटले. संशय फुकट — मुकादम त्या दसऱ्याला अकोल्यात नव्हताच. बहिणीकडे धारणीला, मलेरियानं पडलेला. सून म्हणाली, "मामंजी लय रडत, मिस्त्रीसारका मानूस नाई म्हनत." मीच ओशाळले.

चतुराबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "कोन व्हता तो, सोधून काढ. मले मराच्या आंधी त्याचं नाव ऐकाचं हाय." शब्द दिला. मेलेला असला तरी त्याचं नाव कागदावर लिहीन. काचेत. बाबांचं नाही, त्याचं.

१ ऑक्टोबर, नवमी

उद्या सकाळी ट्रक येणार म्हणून अजहरकडे गेले. मिरची धुऊन बाहेर काढलेली. अजहरचे मजूर पूजा मांडून बसले होते. "ऐकत नाई ना हे लोक," अजहर हसत म्हणाला. "म्या म्हनलं, बाप्पा, मांडा. कटरले हार पाह्यजे त हार घाला!"

गोणपाटावर कटर, घण, पहार, कानशी. मी उभी राहून पाहत होते. वजनकाट्यावर मोजायचा टेप एकटाच राहिलेला दिसला. काय झालं कळलं नाही — मी तो उचलला, ओळीच्या शेवटी ठेवला आणि ताटातलं एक फूल त्याच्यावर ठेवलं.

"बाई, तो नका ठिवू!" अजहर ओरडला. "म्या मुद्दाम बाजूले काढला व्हता. उद्या सकायी गाडी मोजाले लागते तो."

मजूर हसले. "आता काई उचलता येत नाई भाऊ. बसला तो पूजेत."

मी तिथेच उभी राहिले. अजहर विचारत होता, बाई, चक्कर आली का? पाणी देऊ का?

आली होती. त्या नवमीला ट्रकची फळी माझ्या हनुवटीएवढी होती. पिशवी खाकी.

२ ऑक्टोबर, दसरा

ट्रक नऊला आला. त्याआधी कागद भरून दिला. अपघाताचं कारण — ‘एकटाच राहिला म्हणून पिशवीतला पाना काढून पूजेत मांडला. शकुन, रामराव मिस्त्रींची मुलगी, वय सात.’

चतुराबाईंना फोन लावायचा आहे.

तिसऱ्या दिवशी बाबा एकटेच आत गेले होते. पान्यावरचं माझं फूल त्यांनीच उचललं असणार.