मान खाली, नजर बॉलवर

नाशिक, ता. १८ फेब्रुवारी

ती. रोहिणीताईस,
सविनय जयभीम.

तुझा गुडघा कसा आहे? कळवणची थंडी ओसरली असेल, तर तोही ताळ्यावर आला असेल. भाऊजी बीपीची गोळी घेतात, की अजून तुला दाखवून खिशात टाकतात? इकडचं विचारशील तर मी जिवंत आहे. यापलीकडे माझ्याबद्दल सांगण्यासारखं चांगलं काही उरलेलं नाही. येत्या रविवारी तू नाशिकला यायचं म्हणत होतीस. येऊ नकोस. ऊन फार आहे. (खरं कारण वेगळं आहे. ते फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तू मधेच बोलतेस.)

तुला वेदिका आठवते? कॉन्व्हेंटात माझ्या बाकावर बसायची आणि डबा मात्र खिडकीपाशी जाऊन खायची, ती. जानेवारीत आमच्या वर्गातल्या बायकांचं जेवण झालं. तिथे ती तासभर स्वतःच्या गोल्फविषयी बोलली. मी निव्वळ सभ्यपणाने विचारलं, की हे शिकायला किती दिवस लागतात. तर माझ्या हातावर हात ठेवून म्हणते, “सरिता, ते शिकून नाही गं येत. रक्तात असावं लागतं.” ताई, टेलिफोन खात्यात छत्तीस वर्षं काढल्यावर असली वाक्यं मी नुसत्या सुरावरून ओळखते. मी श्रीखंडाची वाटी बाजूला सारली आणि जाहीर करून टाकलं, की हिच्या क्लबातल्या बायकांच्या जोडीच्या सामन्यात मी आणि माझी मोठी बहीण उतरणार आणि हिला हरवणार. सोळा बायकांनी ऐकलं. म्हणजे आता माघार नाही. मोठी बहीण म्हणजे तू. फॉर्मवर तुझं नाव लिहिलेलं आहे. रागावू नकोस, आधी पत्र संपव आणि मग सगळं मिळून एकदमच रागाव.

पहिल्या दिवशी रिक्षावाल्याला सांगितलं, गोल्फ खेळायला जायचंय. त्याने थेट गोल्फ क्लबच्या मैदानावर नेऊन सोडलं. तिथे गोल्फ सोडून सगळं चालतं, हे नाशिकच्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पण मी रिक्षात बसून वेदिकाला द्यायची उत्तरं तयार करत होते, त्यामुळे रस्त्याकडे लक्ष नव्हतं. (उत्तरं फार चांगली झाली होती.) खरं मैदान शहराबाहेर, द्राक्षबागांना लागून आहे. शिकवायला किशोर नावाचा मुलगा आहे, तिशीचा, अतिशय नम्र. अशी नम्र माणसं अपमान इतक्या हळू आवाजात करतात, की आपल्याला तो दोनदा ऐकावा लागतो. त्याने माझे पंधरा-वीस फटके पाहिले आणि म्हणाला, “मॅडम, मान खाली. नजर बॉलवर. बॉल गेला तरी मान खालीच.”

आता तूच सांग. आबा प्रेसमधून आले की आपल्या दोघींना भिंतीशी उभं करून काय सांगायचे? काहीही होवो, मान खाली घालून चालायचं नाही. ते कमी पडलं म्हणून मला कॉन्व्हेंटात घातलं (तुला मराठी शाळेत का, ते भांडण आज नको), आणि तिथे सिस्टर फिलोमिना हनुवटीखाली लाकडी पट्टी धरून उभ्या. साठ वर्षं मी या मानेवर जगले. नळावर, ऑफिसात, सासरी. आणि आता पासष्टाव्या वर्षी एका टीचभर पांढऱ्या बॉलपुढे ती खाली घालायची! काठी वर जाते तोवर मान खाली असते. काठी खाली यायला लागली, की मान आपोआप वर उठते, बॉल कुठे गेला ते बघायला. बॉल तेव्हा जागेवरच असतो. किशोरने जमिनीवर रुळासारख्या दोन काठ्या मांडून दिल्या, काखेत टॉवेल धरायला लावला, मोबाईलवर माझं चित्रीकरण केलं. (मागून मी हुबेहूब सासूबाई दिसते. त्या रात्री जेवले नाही.) शेवटी तो म्हणाला, “मॅडम, चूक करा, पण एकच चूक रोज करा. मग सुधारता येते.” माझ्या शंभर फटक्यांत शंभर निराळ्या चुका असतात. बरेचसे बॉल उजवीकडच्या द्राक्षबागेत जातात. तिथले बागायतदार नवनाथराव परवा माझे त्रेसष्ट बॉल क्रेटमध्ये भरून, वर कागद टाकून, एक्स्पोर्टच्या मालासारखे आणून देऊन गेले. वर म्हणाले, “आजी, एवढी फवारणी पुरे.” ताई, मी हरले आहे. रोज झोपताना वाटतं, वेदिका बरोबर म्हणाली होती. हे तुझ्याशिवाय कुणाला लिहिलं नसतं.

यात भर म्हणजे शकुबाई. बारा वर्षं माझ्याकडे स्वयंपाकाला आहे. डॉक्टरांनी मला शुगरमुळे एकटीने जायचं नाही म्हणून सांगितलं, तेव्हापासून पाण्याची बाटली घेऊन माझ्याबरोबर येते आणि कट्ट्यावर बसून पदर तोंडाला लावून हसते. गेल्या सोमवारी मी काठी फेकली. (बॉलपेक्षा सरळ गेली.) शकुबाई उठली, काठी उचलली, पदर खोचला आणि मारला. सरळ. पुन्हा मारला. त्याच जागी. दहापैकी नऊ बॉल एका सतरंजीवर मावतील असे पडले. किशोरचं तोंड उघडं. मी विचारलं, कुठे शिकलीस? म्हणाली, “बाई, घोटीला जल्मभर भात झोडलाय. उचलताना घाई नाय करायची, खाली येताना जोर नाय लावायचा. पेंढी आपल्या वजनानं पडती. तुम्ही आधी बघता आन् मंग मारता. आधी मारायचं, मंग बघायचं.” तेव्हापासून किशोर तिला ‘शकुमावशी’ म्हणतो आणि मला बाटली धरायला देतो.

असो. भाऊजींना जयभीम सांग. गुडघ्याला तेल लाव.

तुझी,
सरिता

ता. क. खरं कारण हे, की रविवारी शकुबाई तुझ्या नावाने खेळणार आहे. जोडीत बॉल एकच असतो, दोघींनी आळीपाळीने मारायचा. माझा बागेत, तिचा परत मैदानात, असं जमेल. तिला तुझी इथे राहिलेली मोतिया साडी नेसवीन. वेदिकासमोर माझी स्वयंपाकीण म्हणून कशी उभी करू? तेव्हा तू तेवढा दिवस कळवणलाच राहा.

ता. क. २. वरचा बेत आत्ता शकुबाईला चहा देताना सांगितला. तिने कप खाली ठेवला. म्हणाली, “त्या बाईला तुमची लाज. आन् तुम्हाला माझी व्हय?” ताई, माझी मान खाली गेली. किशोर तीन आठवडे मागत होता तशी, अगदी हनुवटी छातीला टेकेपर्यंत, आणि चांगला वेळ खालीच राहिली. पायाशी बॉल मात्र नव्हता. मग उठून फॉर्मवरचं तुझं नाव खोडलं आणि लिहिलं, शकुबाई गेणू भोर, घोटी. पुढे नात्याचा रकाना होता. तिथे काय लिहावं ते सुचेना, म्हणून ‘जोडीदार’ लिहिलं.

ता. क. ३. तेव्हा रविवारी नक्की ये. ऊन काही एवढं नाही. गुडघ्यासाठी घेतलेले आणि कधीच न घातलेले तुझे ते पांढरे बूट घालून ये आणि इथे काढून दे. शकुबाईचा पाय तुझ्याच मापाचा आहे. तिची आणखी एक अट आहे, की काठ्यांची बॅग मी उचलायची, कारण डॉक्टरांनी व्यायाम मला सांगितलाय, तिला नाही. कबूल केलं. बॅग उचलताना मान वर ठेवली तर चालते, एवढं किशोरला विचारून घेतलं आहे.