रिकाम्या डब्याचा तारा

बुधवार, तारीख १४
सकाळी साडेसहा

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा नर्सिंगचा अभ्यास जोरात चालला असेल.

पलंग, पलंगाखालचे दोन खण, खिडकीजवळचं टेबल, तिच्या मापाची खुर्ची (बैठकीची उंची तेहतीस सेंटिमीटर, पाय जमिनीला टेकलेच पाहिजेत), बेसिनपाशी चढायचा पाट, दप्तराची खुंटी. तुझी भिंगरी माझ्याकडे राहायला आली त्या आठवड्यात हे सगळं मी माझ्या हातांनी केलं. मी कुणाच्या हाताखाली शिकलो नाही, तरी एकाही सांध्यात नख शिरणार नाही. हे लिहायचं कारण, तुझ्या पत्रात "तिची तिकडे आबाळ होतेय" असं वाक्य आहे. आबाळ हा शब्द तुझा नाही. तो तुला कुणीतरी पुरवलाय. वर्गाच्या बाईंनी की खालच्या शेजारणीनं, एवढं कळव.

शनिवारी येऊन तिला वसतिगृहात ठेवणार, असंही तू लिहिलंयस. सात वर्षांच्या मुलीला! आई तू आहेस, अधिकार तुझा. पण येण्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच.

बाईंची चिठ्ठी मलाही आली होती. मुलगी तिसऱ्या तासाला बाकावर डोकं टेकून झोपते, दोन महिन्यांत वजन अकराशे ग्रॅमनं घटलं, "घरच्या सवयींकडे लक्ष द्यावे." घरच्या! म्हणजे शाळेच्या सवयी धुतलेल्या तांदळासारख्या. मी उलट टपाली कळवलं की आमच्या घरी नऊ वाजता दिवा बंद होतो आणि डबा मी स्वतः भरतो: दोन उकडलेली अंडी, बटाट्याचे काप, ब्रेडचे चार तुकडे. डबा रोज रिकामा येतो. मग वजन जातं कुठे?

मी डबा तोलायला लागलो. जाताना चारशे दहा ग्रॅम, येताना एकशे साठ, म्हणजे नुसता डबा. इथेच पाल चुकचुकली. पोरांनी खाल्लेल्या डब्यात कण राहतो, झाकणाला बलक लागतो. हा डबा पुसलेला असायचा. पुसून ठेवणं हे मोठ्या माणसाचं काम, असा मी निष्कर्ष काढला.

मग चार दिवस मधल्या सुट्टीत शाळेच्या कुंपणाबाहेर, जेवणघराच्या खिडकीसमोर उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी रखवालदार जवळ आला.
"काका, कुणाची वाट बघताय?"
"घड्याळाची."
"घड्याळ तुमच्या मनगटावर आहे. शाळेत काय बघताय?"
मी संशयानं बघतोय म्हणून त्याला माझा संशय! पण मोजायचं ते मोजलं. सुट्टी वीस मिनिटांची. हात धुण्याच्या रांगेत आठ जातात. उरली बारा. आपली भिंगरी एक अंडं सोलायला चार मिनिटं घेते, तुला ठाऊक आहे. तरीही घंटा झाली की सगळी पोरं डबा उघडून बाईंपुढे धरतात आणि रिकाम्या डब्याला मनगटावर ताऱ्याचा शिक्का मिळतो. आपल्या मुलीच्या मनगटावर रोज तारा. हे जुळेना. जेवणघरातली मावशी मात्र टेबलं पुसता पुसता काहीतरी कागदात बांधून पिशवीत टाकताना मी स्वतः पाहिली. चारपैकी तीन दिवस.

पुढचं लिहायला जड जातं, पण हिशेब अर्धा ठेवायची मला सवय नाही. मी मुख्याध्यापिकांकडे गेलो. वजनांची वही टेबलावर ठेवली आणि म्हणालो, तुमची मावशी मुलांचे डबे खाते. दार उघडं होतं. मावशी बाहेरच उभी होती. दुसऱ्या दिवसापासून तिला जेवणघरातून काढून संडास धुण्याच्या कामावर लावलं.

त्यानंतर पाचव्या दिवशी पलंगाचा डावा खण अडकायला लागला. माझ्या हातचा खण अडकत नाही. तो पूर्ण बाहेर ओढला, तर मागे रंगीत खडूंची प्लॅस्टिकची पिशवी चेपलेली. आत अर्धं अंडं, बटाट्याचे काप, ब्रेडचा चुरा. सगळ्यावर लाकडाची बारीक पूड बसलेली. ही पूड शाळेत नसते, बेबी. ती माझ्या मागच्या खोलीतून येते, लाकूड कापायचं मशीन चालू असताना, दाराखालच्या फटीतून.

भिंगरीला समोर बसवलं.
"हे काय गं?"
"डब्यातलं. संपत नाही ना. मग पिशवीत ओतते आणि रुमालानं पुसते. तारा मिळतो."
"आणि इथे कशाला?"
"रात्री खाते. झोप येईपर्यंत."
"झोप केव्हा येते?"
"तुमचं मशीन थांबलं की."
"मग मला सांगायचं नाही? तोंड नाही तुला?"
"आई म्हणाली होती, आजोबांचं काम चालू असलं की मध्ये बोलायचं नाही."

नऊ वाजता दिवा बंद होतो हे मी बाईंना लिहिलं, ते खरंच आहे. मशीन पावणेबाराला बंद होतं. ते मी लिहिलं नव्हतं. चार वाजता ती शाळेतून उपाशी येते, मग मागच्या खोलीत माझ्याजवळ बसून चहात बुडवून बिस्किटं खाते. मलाही सोबत होते. म्हणून रात्रीच्या जेवणावर वासना नाही. डबा ग्रॅममध्ये तोलणाऱ्या माणसानं बिस्किटं एकदाही मोजली नाहीत. आणि एवढी पाळत ठेवूनही दप्तर कधी उघडलं नाही, कारण माझा सगळा संशय घराबाहेर होता.

आणखी एक. तू लहानपणी डोक्यावर उशी दाबून झोपायचीस. तुझी आई म्हणायची, पोर गुदमरेल. मी म्हणायचो, सवय आहे तिची. "मध्ये बोलायचं नाही" हे तू कुठे शिकलीस ते मला विचारावं लागलं नाही.

मुख्याध्यापिकांना लेखी दिलं की मावशीवरचा आरोप खोटा, चूक माझी. मावशी पुन्हा जेवणघरात आली. कागदात ती टेबलावरचं उष्टं बांधायची, कोपऱ्यावरच्या कुत्रीसाठी. मी तिला भेटायला गेलो.
"या भाऊ," म्हणाली, "तराजू आणलाय का? माझं वजन किती भरतं ते एकदा बघूनच घ्या."
मी हात जोडले. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. फडकं पिळत म्हणाली, "तुमची पोर गुणी आहे. पण तिला हळू जेवू द्या म्हणावं त्या बाईंना." आता भिंगरीला जेवणासाठी दहा मिनिटं जास्त मिळतात आणि ताऱ्याचा शिक्का बंद झालाय. हे मावशीनं करून घेतलं, मी नाही.

गेले सहा दिवस मशीन संध्याकाळी साडेसहाला बंद, जेवण सातला, चहा अजिबात नाही. झोपल्याच्या वेळा वहीत आहेत: ९.४०, ९.२५, ९.३०, ९.१०, ९.१०, ९.०५. तरी माझी खात्री नाही. मला बरं वाटावं म्हणून पोर नुसते डोळे मिटून पडत असेल. काल दाराबाहेर उभं राहून तिचे श्वास मोजले. झोपलेल्याचेच वाटले. तू नर्स होणार आहेस, तूच ऐकून सांग. शनिवारी ये, रात्री राहा. मग न्यायचं तर ने, मी मध्ये बोलणार नाही.

एक गोष्ट तुला बाहेरून तिखटमीठ लावून कळेल, म्हणून मीच लिहितो. परवा मुख्याध्यापिकांनी बोलावलं. जेवणघरासाठी बाकं हवीत, येणारी मोठी सुट्टी संपायच्या आत, सव्वीस दिवसांत. मी म्हणालो, नुसतं दिवसाचं काम धरलं तर छत्तीस दिवस लागतील.
"पण तुम्ही रात्रीही मशीन चालवता ना?"
"तुम्हाला कुणी सांगितलं?"
"तुमच्या नातीनं. 'माझे घर' या निबंधात पहिलंच वाक्य आहे."
ताऱ्याच्या शिक्क्याबद्दल माझं तोंड बंद ठेवायला हे काम देताहेत की खरंच माझे सांधे त्यांना पसंत आहेत, ते कळलं नाही. मुदत वाढवा म्हटलं, त्यांना जमेना. अर्धं काम द्या म्हटलं, तेही नाही. मग मी नको म्हणून आलो. साठ बाकं होती, एकाचे आठ हजार. चार लाख ऐंशी हजार.

बाबा